खाटेला लागलेला धक्का

हे कुसुमला सांगायला हवं होतं. तिलाच नाही सांगितलं, मग दुसऱ्या कुणाला काय सांगणार? आज तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका. माझा मलाच इतका संताप आलाय की आता गप्प बसवत नाही.

माझा उजवा डोळा कसा गेला, हे आमच्या नात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. चुकीचं ठाऊक आहे.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. घाटकोपरला दोन खोल्यांत आम्ही दोघं राहत होतो. मी एका कंपनीत नकाशे काढायचो. चाळिशीतच उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, साधं ऑपरेशन आहे, आठवडाभर निजून राहायचं, की झालं.

साधं! तेव्हा इस्पितळात दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधायचे. डोक्याच्या दोन बाजूंना वाळूच्या पिशव्या. उताणं पडायचं, कूस बदलायची नाही, खोकायचं नाही, चावायचं नाही. पेज चमच्याने, तीही दुसऱ्याच्या हातून. लघवी पडल्या पडल्या भांड्यात. पाठ भाजल्यासारखी व्हायची. कुसुम सकाळीच यायची, तोंड पुसायची, पाठीखाली हात सरकवून हळूहळू चोळायची, भरवायची, भांडं द्यायची. आणि मला राग यायचा — तिचाच. तिच्या हलक्या आवाजाचा राग. तिला दिसतंय आणि मला नाही, याचा राग. आजारी माणूस चिडतोच, असं म्हणाल तुम्ही. थांबा. एवढ्यात म्हणू नका.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती एक पत्र घेऊन आली. घर सांभाळून ती शिक्षिकेची परीक्षा पास झाली होती. चेंबूरच्या एका शाळेने तिला बोलावलं होतं, पहिल्या तारखेपासून. तिने पत्र वाचून दाखवलं. मग पुन्हा एकदा वाचलं. इतका मोकळा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. मी म्हणालो, बरं. तेवढंच. तिने पत्र पिशवीत ठेवलं, पिशवी खाटेखाली सरकवली आणि संध्याकाळची पेज आणायला घरी गेली.

मी पडून राहिलो. डोकं नुसतं तापलं होतं. मी इथे भांड्यासाठी हाका मारतोय आणि ही नोकरीला निघाली! मला विचारलं तरी का?

विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात तरच जाईन, असं ती म्हणाली होती. हे मी आत्ता पुन्हा गाळणार होतो — पाहिलंत ना?

तर मी उठलो. शेजारची खाट रिकामी होती, बघायला कुणी नव्हतं. वाळूच्या पिशव्या बाजूला सारल्या, पाय खाली सोडले आणि खाटेखाली वाकलो. ते पत्र शोधायला. फाडायला! डोकं गुडघ्यांच्याही खाली गेलं. हाताला पिशवी लागली नाही. डोळ्यात काहीतरी तडकलं आणि पट्टीखाली कोमट ओल आली. मी पुन्हा आडवा झालो. वाळूच्या पिशव्या चाचपून होत्या तिथे लावल्या. हात जराही थरथरला नाही.

संध्याकाळी कुसुम डबा घेऊन आली. खाटेच्या पायाला तिचा पाय अडखळला, ती खाटेवर टेकली. खाट हलली — जराशी. लागलं का हो, असं तिने घाबरून विचारलं. मी म्हटलं, नाही.

सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली. जखम उघडली होती, आत रक्त साकळलं होतं. उठला होतात का, असं त्यांनी विचारलं. कुसुम शेजारीच उभी होती.

"मी कशाला उठतोय? काल संध्याकाळी हिचा धक्का लागला खाटेला. जोरात."

मग कुसुम म्हणाली, "हो डॉक्टर. लागला माझा धक्का."

जोरात नव्हता, असं ती म्हणाली नाही. मी म्हणतोय म्हणजे जोरातच असणार, असं तिला वाटलं. विश्वास ठेवला तिने माझ्यावर — आणि मला तिच्या त्या विश्वासाचाही राग आला. कसला माणूस असतो असा?

डोळा गेला. नकाशे सुटले, कंपनीने मला टपालाच्या टेबलावर बसवलं. मुलुंडहून माझी थोरली बहीण, अक्का, आली आणि आठवडाभर कुसुमला बोल लावत राहिली. बाईमाणसाला एवढं भान नको? मी ऐकत होतो. कुसुमने शाळेला नकाराचं पत्र लिहिलं, टाकू का म्हणून मला विचारलं. मी म्हणालो, तुझं तू बघ. तिने टाकलं.

एका डोळ्याने अंतर कळत नाही. चहा कपात ओतायला जावं, तर तो बशीबाहेर. असा चहा सांडला की मी काही बोलायचो नाही. नुसता तिच्याकडे बघायचो. ती फडकं घेऊन यायची. चोवीस वर्षं! घरात ती पाय चाचपत चालायची, कशाला धक्का लागू नये म्हणून. आणि अक्का चारचौघांत सांगायची, एवढं होऊनही आमचा भाऊ बायकोला कधी टाकून बोलला नाही. मोठ्या मनाचा. मी ते मोठं मन मुकाट्याने मिरवलं.

शेवटच्या दुखण्यात कुसुम अंथरुणाला खिळली. अक्का आली होती, पायाशी बसली होती. कुसुमने मला जवळ बोलावलं.

"तुमच्या डोळ्याचं तेवढं मनातून काढून टाका," ती म्हणाली. "मला माफ करा."

सांगायला किती शब्द लागले असते? चार? पाच?

"केव्हाच माफ केलंय, कुसुम," मी म्हणालो.

अक्काने पदर डोळ्यांना लावला. कुसुमचा चेहरा सैल झाला.

त्यानंतर ती चार दिवस होती. शुद्धीवर होती, बोलत होती. अक्का मुलुंडला परत गेली होती, घरात आम्ही दोघंच होतो. मी तिला पेज भरवली, पाठ चोळली. सांगितलं नाही.