झडप फिरवली की झालं

आज नातीच्या, सईच्या प्रयोगशाळेत गेले होते. उच्च दाबाच्या विजेची ठिणगी थोपवायला वीजप्रवाह तोडणाऱ्या ब्रेकरच्या टाकीत जो वायू भरतात, तो बाहेर सुटला की पृथ्वीला फार तापवतो. सई त्याला पर्याय शोधतेय. तिच्या नव्या मिश्रणाने आज विजेचा पूर्ण दाब पेलला, एकही ठिणगी उडाली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सई मात्र पंपाची नळी लावून तेच मिश्रण टाकीतून सिलिंडरमध्ये परत ओढत बसली.

“अगं, हे निरुपद्रवी आहे ना? मग दे की सोडून,” मी म्हटलं.

“आज तरी तसं वाटतंय, आजी.”

मीही वीज उपकेंद्रात इंजिनिअर होते. ब्रेकर दुरुस्तीला उघडायचा, की झडप फिरवून तो जुना वायू मी खुशाल आभाळात सोडायचे. वर तोऱ्यात सांगायचे, “याला ना रंग, ना वास, ना विष!” काय ती बाई आणि काय तिची अक्कल! केर उंबऱ्याबाहेर लोटला की घर स्वच्छ, असं आपण किती सहज धरून चालतो. माझा वायू कुठेही गेलेला नाही. माझी राख झाल्यावरही तो वर हजारो वर्षं ठाण मांडून बसेल. पण ही पोरगी जिंकल्यावरही शंका घेते. हिला जमणार, मला खात्री आहे.

टाकीच्या दाबमापकाचा काटा तळाला टेकल्यावर सईने हळूच विचारलं, “तू किती सोडला असशील गं?”

“मोजला असता, तर सोडला असता का?”