पहले घर खाली, फिर वर

मला हिंदी येतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गेल्या वर्षी आमच्या घराचं जे झालं त्याचा आणि माझ्या हिंदीचा काडीचा संबंध नाही, असं सांगून सांगून मी दमलो. घरात कुणी ऐकत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत (म्हणजे चौथीच्या दारापर्यंत, आत गेलो नाही). पण तरुणपणी दोन वर्षं कांद्याच्या ट्रकवर क्लीनर होतो. इंदूरपर्यंत जाऊन आलोय. तिथं उपाशी मेलो नाही, त्या अर्थी हिंदी येतं!

तर आमचा नातू विकास. वय एकतीस (लग्नाच्या बाजारात अठ्ठावीस). कुरकुंभला कंपनीत शिफ्टमध्ये कामाला, परमनंट. सुपारीचं खांड खात नाही. तरी लग्न जमेना. आमच्या वेळी मुलीचा बाप पोरगं बघायचा, विहिरीचं पाणी बघायचा, झालं. आता घर बघायला येतात. चपला काढायच्या आधी विचारतात, "टॉयलेट ॲटॅच हाय का?" अरे, पोरगी पोराला द्यायचीय का टॉयलेटाला? एक पाहुणा भिंतीला ओल बघून गेला. दुसरा म्हणाला, रंग उडालाय. तिसरा तर काही बोललाच नाही, कलिंगड घेताना वाजवतात तशी बोटानं भिंत वाजवली आणि चहा न पिता उठला.

मग निमोण्याचं स्थळ आलं. मुलगी प्रियांका, शिकलेली, विकासला फोटोतच आवडली. तो फोटो बघून पोरगं दोन दिवस एकटंच हसत होतं. मुलीच्या वडिलांचा फोन आला, "रविवारी चार वाजता घर बघायला येतो." मी त्याच दिवशी जाहीर केलं, "घराला आतनं-बाहेरनं रंग द्यायचा!"

माझा मुलगा दत्ता म्हणाला, "आबा, मी गावातला पेंटर सांगतो. त्याला कळतं सगळं."

"मग मला काय कळत न्हाई? घर मी बांधलंय. रंगबी मीच मारून घेणार."

यवतच्या चौकात सकाळी परप्रांतातली माणसं कामासाठी उभी असतात. तिथून मी रामसूरत नावाचा पेंटर आणि त्याचे दोन जोडीदार आणले. दत्ता हिंदीत बोलायला लागला, त्याला मी गप्प केलं. रामसूरतला बैठकीच्या भिंतीसमोर उभा केला आणि सगळा बेत सांगितला, "ये लगीन का काम है. लडकीवाले आनेवाले है. सब भिंत को खाली चॉकलेटी. और वर क्रीम. समझा?"

मला पाहिजे होतं कमरेपर्यंत चॉकलेटी, म्हणजे हाताचे डाग दिसत नाहीत, आणि त्याच्या वर क्रीम. बँकेत असतं तसं.

रामसूरतनं खात्री केली. "खाली चॉकलेटी?"

"हां, खाली चॉकलेटी!"

"और वर को क्रीम?"

"हां हां, वर को क्रीम!" (किती हुशार माणूस, म्हटलं. एकदा सांगितलं की कळतं.) मग त्यानं विचारलं, लग्न कुणाचं? मी विकासची खोली दाखवली.

शनिवारी संध्याकाळी आत जाऊन बघतो तर बैठक चॉकलेटी. जमिनीपासून छतापर्यंत! स्वयंपाकघर चॉकलेटी. माजघर चॉकलेटी. दिवा लावला तरी लावल्यासारखा वाटेना. आणि विकासची खोली तेवढी चारी भिंतींनी क्रीम, दुधात बुडवून काढल्यासारखी.

म्हातारी दारातच उभी राहिली. "अवो, हे घर हाय का अस्वलाची गुहा?"

आता चूक झाली म्हणावं, तर दत्ता बाजूलाच उभा, मिशीत हसत. मी म्हणालो, "मी असंच सांगितलं व्हतं. फॅशन हाय."

"आन् विकासची खोली?"

"तीबी फॅशन."

रविवार उजाडला. बाहेरचा रंग राहिला होता. म्हातारीला आणलेली साडी एकदम नापसंत पडली, म्हणून ती, सून आणि दत्ता जीप घेऊन दौंडला गेले. विकास नाईट करून सकाळी आला आणि दाराला कडी न लावताच आडवा झाला. नाईटवरून आलेला विकास म्हणजे पोतं. कानाशी ढोल वाजवा, कूस बदलणार नाही.

मी ठरवलं, आज चूक नको. आज अगदी सावकाश बोलायचं. रामसूरतला अंगणात घेतलं. आधी जोत्याकडचा खालचा भाग रंगवावा, मग वरचा, असं माझं म्हणणं. हातवारे करून सांगितलं, "देखो. पहले घर खाली करो. पूरा खाली. फिर वर. समझा?"

तो जरा घुटमळला. "पूरा घर खाली, आबाजी?"

"पूरा!"

"फिर वर भी?"

"वर नको तर काय अर्धवट ठेवणार? वर भी!"

आणि मी दाढी करायला गेलो. न्हाव्याकडं माझ्या पुढं तिघं होते. त्यांना मी नव्या रंगाविषयी सांगत बसलो, त्यामुळं माझा नंबर आला तरी मला कळलं नाही.

तुळतुळीत होऊन परत आलो आणि घराच्या वळणावर पाय थांबले. रस्त्याच्या कडेला आमचा संसार मांडलेला! गोदरेजचं कपाट. ज्वारीच्या कोठ्या. लोणच्याच्या बरण्या ओळीनं. म्हातारीची ट्रंक, माझं धोतर, तीस वर्षं कुणाला न दाखवलेली फाटकी गादी. देव्हारा तेवढा टेबलावर, खाली स्वच्छ पंचा घालून (रामसूरतनं चपला काढून नेला होता म्हणे, त्याचं कौतुकच). एक भंगारवाला आमचा पंखा उचलून वजन अजमावत होता. आणि या सगळ्याच्या मधोमध, लिंबाच्या सावलीत, पलंगावर आमचा विकास. बनियन, अर्धी चड्डी, तोंड उघडं. पलंगासकट उचलून आणला होता तरी झोप मोडली नव्हती!

शेजारचा बापू कुंपणाला टेकून उभाच. "आबा, शेवटी वाटणी केली म्हना की!"

"कसली वाटणी? एकुलता एक पोरगा हाय मला!"

"मग पोरानं तुमालाच बाहेर काढलं का काय?"

त्याला उत्तर देणार, तेवढ्यात पांढरी गाडी येऊन थांबली. निमोण्याचे पाहुणे! चार वाजता येणारे बाराला आले. त्यांनी त्याच दिवशी आणखी एक घर बघायचं ठेवलं होतं, ते पाच मिनिटांत नापास झालं म्हणे. गाडीतून मुलीचे वडील उतरले, मामा उतरले आणि मागून मुलगीसुद्धा उतरली. पंखा, कपाट, धोतर असं करत सगळ्यांची नजर पलंगावर येऊन थांबली. विकासनं नेमकं तेव्हाच घोरायला सुरुवात केली.

"आबा," वडील हळूच म्हणाले, "कुणाची जप्ती का वाटणी?"

माझ्या डोळ्यांपुढं दोन रस्ते होते. एक, खरं सांगायचं: मला हिंदी येत नाही. दुसरा, नातवाला जन्मभर बिनलग्नाचा ठेवायचा. मी तिसरा काढला.

"मुद्दाम काढलंय," मी ताठ होऊन म्हणालो. "तुमाला घर बघायचंय न्हवं? सामानाआड काय दिसतं? लोक कपाट लावून ओल झाकत्यात. आमच्यात झाकपाक न्हाई. जावा आत, रिकामं घर बघा!"

"आन् हे?" मामांनी पलंगाकडं बोट केलं.

"हाच मुलगा. झोपेत कुणाला नाटक करता येत न्हाई. बघून घ्या, दारू प्यालेला माणूस असा झोपतो का?"

मुलीचे वडील चक्क विरघळले. "असा मोकळा माणूस पयल्यांदा भेटला बघा," म्हणाले. मामांनी आत डोकावून "बैठक लई मोठी हाय" असंही म्हटलं. (रिकामी होती, मोठी दिसणारच.) माझी छाती फुगायला लागली. जमलं होतं! आणि तेवढ्यात रामसूरत हात पुसत पुढं आला, पाहुण्यांना नमस्कार केला आणि मोठ्यांदा म्हणाला, "आबाजी, जैसा आपने बोला वैसा कर दिया. पहले घर खाली, फिर वर. अब दोनों को वापस अंदर रखें क्या?"

बापूचं तोंड उघडं. आणि मग ती मुलगी, प्रियांका, अशी हसली की गाडीला धरून खाली बसली.

"आजोबा," ती डोळे पुसत म्हणाली, "हिंदीत खाली म्हंजी रिकामं! आन् वर म्हंजी नवरदेव!"

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. विकासच्या खोलीतला क्रीम उजेड. "मग खाली चॉकलेटी म्हंजी?"

"खाली चॉकलेटी म्हंजी फक्त चॉकलेटी, आबाजी," रामसूरत म्हणाला. अर्धं मराठीत म्हणाला, हे मला जास्त लागलं.

त्या हसण्यानं विकास जागा झाला. डोळे उघडले तर समोर फोटोतली मुलगी! त्याला वाटलं स्वप्न, म्हणून तोही हसला. मग खाली आपली चड्डी बघितली आणि गादी गुंडाळून घरात पळाला. घर मोकळं असल्यानं लपायला मात्र काही सापडेना.

मुलीचे वडील गंभीर झाले होते. गाडीकडं वळलेही. मीच म्हणालो, "पाहुणं, चूक माझी. पोराला यात धरू नका." आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, बापू साक्षीला आहे. पण प्रियांका जागची हलली नाही. वडिलांना म्हणाली, "पप्पा, इतकी घरं बघितली, हसू कुठंच आलं न्हाई. मला हे घर चालंल."

दौंडहून म्हातारी परतली तेव्हा पाहुणे रस्त्यावर मांडलेल्या आमच्याच खुर्च्यांवर बसून बापूच्या घरून आलेले पोहे खात होते. तिनं आधी बरण्या मोजल्या, मग पाहुण्यांना पाणी विचारलं.

लग्न झालं. आमचं घर अजून चॉकलेटीच आहे. एसटीवाले आता स्टॉपला "चॉकलेटी घर" म्हणतात. हल्ली आम्ही माळवद काढून वरचा मजला चढवतोय, आणि कामगारांशी बोलायचं खातं नातसुनेकडं आहे. मला फक्त बोट दाखवायची परवानगी आहे.

परवा काम बघायला म्हणून मी शिडी चढायला लागलो. रामसूरत धावत आला आणि शिडी धरून, अस्सल यवतच्या मराठीत म्हणाला, "आबा, तुमी इतक्यात वर जाऊ नका!"

मला हिंदी येतं, हे मी आजही सांगतो. फक्त आता रामसूरत आसपास नसेल, तेवढं बघून सांगतो.