कुणाचंच नसलेलं काम

मुळशीतल्या आमच्या लहानशा दवाखान्यात केसपेपर बंद होऊन सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर जाणार, असं ठरलं. कोणी कोणतं काम करायचं याचा तक्ता करायला मला सांगितलं, कारण मी तिथली सर्वांत जुनी नर्स. दोन आठवडे खपून मी तो केला. नाव-पत्ता कोण घालणार, ताप-बीपी कोण, औषधं कोण, लाईट गेली तर वहीत कोण लिहून ठेवणार. प्रत्येकाला त्याची कामं विचारली, खाली त्याची सही घेतली. तक्ता मोठ्या डॉक्टरांच्या हातात देताना मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं.

खिडकीवर केसपेपर काढायला चाचा असत. पौडच्या बाजारपेठेतलं त्यांचं घर, आणि दवाखान्यात माझ्याही आधीपासून. त्यांना कीबोर्ड काही जमेना. म्हणून खिडकीवर माण गावची एक मुलगी घेतली आणि चाचांना जुन्या कागदांच्या खोलीत बसवायचं, असं मीच तक्त्यात लिहिलं. त्यांनी ते वाचलं, सही केली आणि पेन मला परत दिलं.

नवं सुरू झालं त्याचा तिसरा की चौथा दिवस असेल. कोळवणकडची एक बाई आली. भातखाचरात पायाला काहीतरी लागून जखम चिघळली होती, पाय पोटरीपर्यंत सुजला होता. डॉक्टरांनी तपासून दुखणं थांबवायची सुई लिहिली. मी स्क्रीन पाहिली. औषधाची अॅलर्जी? त्यापुढे 'नाही'. मी सिरिंज भरली, बाईला कुशीवर वळवलं, कापसानं जागा पुसली.

तेव्हा ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "बाई, ही दुखन्यावरची सुई न्हाई ना? मागं पुण्यात टोचली तवा माजं त्वांड सुजलं हुतं, दम कोंडला हुता. हितं चाचांनी लिवून ठिवलंय, पुन्ना द्यायची न्हाई म्हून."

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी औषध बदललं, आणि मी तशीच कागदांच्या खोलीत गेले. चाचांनी बाईचं गाव विचारलं, नाव विचारलं आणि दोन मिनिटांत तिचा जुना केसपेपर काढून दिला. वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं त्या सुईचं नाव होतं. खाली लिहिलं होतं: दम लागतो, देऊ नये. मी शेजारचा गठ्ठा सोडला. त्यातही मधूनमधून तीच लाल शाई, तेच अक्षर. इतकी वर्षं मी ती पाहत आले होते. ती कोण लिहितं, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

खिडकीवरच्या मुलीला विचारलं तर ती रडवेली झाली. अॅलर्जीचा तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, बाहेर रांग होती, म्हणून सगळ्यांपुढे 'नाही' करत गेले, म्हणाली. तिला काय बोलणार? विचारायचं काम माझ्या तक्त्यात तिच्या नावावर नव्हतं. कुणाच्याच नावावर नव्हतं.

दुपारी सगळे बसलो. डॉक्टर म्हणाले, हे सिस्टर विचारतात असं मी धरून चाललो होतो. मी धरून चालले होते की डॉक्टर विचारतात. औषधं देणारा म्हणाला, कागदावर लिहिलेलं असायचं, ते बघून मी देत होतो. मग मी चाचांना विचारलं, हे काम तुम्हाला कोणी दिलं होतं?

"कोणी नाही," ते म्हणाले. "माणूस खिडकीशी उभा राहिला की बोलतो. बोलला ते लिहिलं. मला वाटायचं, आत तुम्ही सगळे विचारताच. आपलं जास्तीचं असावं म्हणून लिहायचो. तुम्ही कामं विचारलीत, सिस्टर. हे काम आहे, हे मला कुठं माहीत?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते स्वतःच पांढरे पडले होते. इतकी वर्षं दवाखान्यातली प्रत्येक सुई आपल्या त्या लाल ओळीच्या भरवशावर चालली होती, हे त्यांनाही आमच्याबरोबरच कळत होतं.

त्या दिवसापासून पेशंटच्या नोंदी थेट कॉम्प्युटरवर घेणं थांबवलं. चाचा आणि ती मुलगी एका टेबलाशी बसली. ते जुने कागद वाचायचे, ती कॉम्प्युटरवर भरायची. सगळं भरून होईपर्यंत पुन्हा केसपेपरच काढले. नव्या तक्त्यात अॅलर्जी विचारायचं काम मी माझ्या नावावर घेतलं, आणि डॉक्टरांनी ते पुन्हा विचारायचं असंही लिहिलं. कोळवणच्या बाईची जखम भरली, ती आपल्या पायांनी घरी गेली. काय टळलं ते मी तिला सांगितलं. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. तिच्या मते चाचांनी लिहून ठेवलं होतं म्हणजे झालं.

मी मात्र कितीतरी दिवस सिरिंज हातात घेतली की थांबायची. एकाच माणसाला मी अॅलर्जीचं तीन-तीनदा विचारायची. एक म्हातारे शेवटी वैतागून म्हणाले, "न्हाई म्हणून सांगितलं नव्हं बाई? टोचा आता."

मी चौथ्यांदा विचारलं.