चालता संगणक हलवणारी माझी नणंद

माझी नणंद, आमची ताई, कामावर नेमकं काय करते, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. विचारलं की म्हणायची, जुन्याचं नव्याशी पटवून देते. ऑफिसातही तिला सगळे मध्यस्थबाईच म्हणतात. बोलणं हळू, हसणं त्याहून हळू, पण एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेवाच्या बापाला हो म्हणवून घेता येणार नाही.

शेवटी एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता तिनं मला समजावलं. त्यांच्याकडे एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक संगणक चालतात. ते आभासी, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभे केलेले. पण त्यांच्यावरची कामं खरी. खालचा लोखंडी संगणक म्हातारा झाला की वरचा आभासी संगणक दुसऱ्यावर न्यायचा, तोही बंद न करता, चालत्या कामासकट. अडचण एवढीच, की जुन्या लोखंडावर सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असते आणि नव्यावर नवी. एकीनं पाठवलेलं दुसरीला कळलं नाही, की सगळं मुसळ केरात. ते कळेल हे बघणं ताईचं काम.

त्या वर्षी जुने संगणक मोडीत काढायचे ठरले. त्यांच्यावरची बाकीची बिऱ्हाडं, म्हणजे आभासी संगणक, सुखरूप हलली. एकच हटून बसलं, रुग्णवाहिका बोलावण्याच्या फोन केंद्राचं. पाठवायला घेतलं की नवी आवृत्ती अर्ध्यावर नकार द्यायची आणि ते आपलं जुन्या जागीच चालू राहायचं. ताईनं शोधलं तेव्हा दिसलं, की त्या संगणकाच्या घड्याळाबरोबर एक जादा आकडा येतो आणि नव्या आवृत्तीला त्याचा पत्ताच नाही. तिचे साहेब म्हणाले, आकडा गाळा आणि मोकळ्या व्हा. ताई म्हणाली, कुणी घातला आणि का, ते कळल्याशिवाय गाळणार नाही.

घातला होता तिच्या आधी तिथं बसणाऱ्या सरांनी. ते निवृत्त होऊन गावाबाहेर मुलीकडे राहत होते. ताईला गाडी येत नाही, म्हणून मी घेऊन गेले. सर मागच्या पडवीत सायकलचं पंक्चर काढत होते. हात काळे, चष्मा कपाळावर. ताईनं सगळं सांगितलं, तर ते कितीतरी वेळ पाण्याच्या टबातल्या ट्यूबकडेच बघत बसले. आठवत नव्हतं त्यांना, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटत होतं. ताईनं घाई केली नाही. चाकाचा टायर धरून त्यांच्या शेजारी पाटावर बसली आणि जुन्या ऑफिसच्या, गळक्या एसीच्या गप्पा काढल्या.

ट्यूबवर ठिगळ दाबता दाबता सर एकदम थांबले. "अगं, घड्याळ मागं पडायचं त्या केंद्राचं," ते म्हणाले. "एका जागेवरून दुसरीकडे नेलं, की तेवढ्यात हुकलेले ठोके हरवायचे. मग आधी आलेला फोन नंतरचा दिसायचा. म्हणून हुकलेल्या ठोक्यांचा आकडा बरोबर द्यायला लागलो. आवृत्तीत मात्र कुठं नोंदवलं नाही. चुकलंच माझं."

"सर, तुम्ही सांगितलं नसतं तर मी चुकले असते," ताई म्हणाली.

परत येताना गाडीत तिच्या डोक्यात तेच चालू होतं. आकडा गाळला असता तर संगणक हलला असता, कुणाला काही कळलंही नसतं, आणि केंद्राचं घड्याळ मागं पडलं असतं. हे तिनं मला दोनदा बोलून दाखवलं, जणू आकडा गाळायचा हट्ट मीच धरला होता.

मग तिनं नव्या आवृत्तीला तो आकडा ओळखायला शिकवलं. जुन्या आवृत्तीच्या घरातून आलेल्यांकडूनच तो घ्यायचा, आणि तिकडे परत पाठवायची वेळ आली तर द्यायचाही. साहेबांना हे परत पाठवणं पटेना. जुनं मोडीतच जाणार, मग उलटी वाट कशाला?

"माहेरी परत येता येतं, म्हणून तर मुलगी सासरी निर्धास्त जाते," ताई म्हणाली.

साहेब हसले आणि सही केली.

आधी त्या संगणकाच्या नकलेवर करून पाहिलं, मग एका दुपारी खऱ्या संगणकावर. केंद्राच्या पर्यवेक्षिकेनं फोन स्पीकरवर ठेवला होता. तिथली ऑपरेटर कुणाला तरी विचारत होती, जिना कुठल्या बाजूला आहे, आजोबा शुद्धीवर आहेत का. तिच्या वाक्याच्या मध्येच संगणक हलला. वाक्य तुटलं नाही. घड्याळही जागच्या जागी.

पण संध्याकाळपर्यंत नव्या लोखंडावर नेटवर्क अडखळायला लागलं. ताईनं कुणाला दोष दिला नाही. संगणक आला तसा जुन्या जागी नेऊन ठेवला. केंद्रात कुणाला पत्ताही लागला नाही. पुढच्या आठवड्यात नेटवर्कचं कार्ड बदललं आणि तो पुन्हा गेला, तो कायमचा. त्या दिवशी ती घरी येऊन सोफ्यावर चपलांसकट झोपली. मी चपला काढल्या, तरी जागी झाली नाही.

रिकामा झालेला जुना संगणक बंद करायला तिनं सरांना बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांनीच बटण दाबलं, पंखे एकेक करून थांबले आणि खोली शांत झाली.

"इतका आवाज करत होता होय हा?" सर म्हणाले.

ताई त्यांना कँटीनमध्ये चहाला घेऊन गेली. दोघं किती वेळ बसले होते कोण जाणे. सरांना घरी सोडायचं म्हणून मी खाली गाडीत वाट बघत होते, शेवटी वरच गेले, तर त्यांनी माझ्यासाठीही खुर्ची ओढली.