डाव्या दाराचं लॉक

या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसत आलोय, हे आधीच कबूल करतो. मी पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवतो. खडखड आवाज आला म्हणजे कुठेतरी नट ढिला आहे, एवढंच मला कळतं. आमच्याकडे पोराला साधा ताप आला तरी शेजारी विचारतात, "खंय गेललो? कोणाच्या झाडाखाली बसललो?" आणि मी त्यांना तापाची गोळी दाखवतो. तर आता मीच लिहायला बसलोय... हसायचं तर हसा.

घर आचऱ्याजवळ, खाडीपासून चालत दहा मिनिटांवर. मागच्या आवारात काजूखाली अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जुना छोटा पिकअप गंजत पडलेला. माझ्या जन्माआधी ते त्यातून मासे आणि बर्फ न्यायचे. का बंद पडला विचारलं की "इंजिन बसला" एवढंच उत्तर. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू अधू झाली आणि माणूस गप्पच झाला. दिवसभर खिडकीत बसून त्या गंजक्या डब्याकडे बघायचे. म्हटलं, हा एकदा चालू करू, अण्णांना त्यात बसवून आवारात एक फेरी मारू. बस, एवढाच हट्ट होता.

पण ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला. खाऱ्या हवेने पत्र्याचा पापड झालेला. तळ नवा मारला, इंजिन खोललं, पण कार्ब्युरेटर, ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि डाव्या दाराचं लॉक मिळेना. त्या दारात लॉकच्या जागी नुसतं भोक होतं. मी कोल्हापूरपर्यंत जाऊन आलो. देवगडचा एक मेकॅनिक तर म्हणाला, "सर, ह्येचे पार्ट आता सपनातच गावतले."

माझी बायको मेघा म्हणाली, "राखणदाराला नारळ ठेवला नाहीस, मग कसे मिळणार?"

"राखणदार काय स्पेअर पार्टचा डीलर आहे?" मी चिडलोच.

तेवढ्यात खिडकीतून अण्णा बोलले. आठवड्याभरात पहिल्यांदा. "नारळ हाड," म्हणजे आण.

काजूच्या बुंध्याशी एक दगड आहे, तो आमचा राखणदार. अण्णांनी काठी टेकवत जाऊन नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा राखणदारा, आज ह्यो नारळ ठेवलो आसा तो मान्य करून घे. माझ्या झिलाचे हात गाडयेक लागलेत, त्येका यश दी. गाडी होती तशी होऊंदे. रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला मागून कुणीतरी होकार द्यावा लागतो, नाहीतर ते पुरं होत नाही. ते काम माझं. मी थट्टेने, मुद्दाम घसा ताणून म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

आणि तीन आठवड्यांत सगळं मिळालं. जे वर्षभर मिळालं नव्हतं ते. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर एकाच दुकानात, एकाच खोक्यात. लॉक वेंगुर्ल्याला एका भंगारवाल्याच्या ढिगात, अगदी वरच. "ह्या मी कधी घेतलंय ताच आठवणा नाय," तो डोकं खाजवत म्हणाला. लॉकच्या आतल्या खटक्याला जाळ्याची निळी दोरी बांधलेली होती, गाठ दगडासारखी. कुणाचा तरी जुगाड असेल म्हणून मी ती कापून फेकून दिली. ग्रीस घालून लॉक बसवलं, आतून-बाहेरून पन्नास वेळा उघडून बघितलं. चालत होतं.

मग सीट ओली व्हायला लागली. नवीकोरी रेक्झिनची सीट, फक्त डाव्या बाजूची. एप्रिल महिना, आभाळात ढगाचा तुकडा नाही. वास ओहोटीला खाडीच्या चिखलाला येतो तसा. मी दाराचं रबर बदललं, टपाला सीलंट मारलं. सीट रोज ओली.

त्या रविवारी दुपारी तीनचा सुमार असेल. मी नळावर हात धूत होतो, दहा पावलांवर. माझी नऊ वर्षांची सई कैरी खात पिकअपमध्ये डावीकडे जाऊन बसली. दार लागल्याचा आवाज आला. मग काचेवर थापा.

"बाबा, उघडत नाही!"

मी धावलो. डावं दार हलेना, उजवं हलेना. काचा आतून धुरकट झाल्या होत्या. सई मान वर करकरून तोंड टपाकडे नेत होती. मी दार ओढतोय, शिव्या देतोय, आणि माझ्या मागे अण्णा. काठी कुठे टाकली होती देव जाणे.

"दोरी ओढ म्हणून सांग तिका! दोरी खंय आसा?"

दोरीबद्दल मी त्यांना एका शब्दाने बोललो नव्हतो.

"कापली मी ती!" मी ओरडलो. अण्णांचा चेहरा पांढरा पडला. "मगे काच फोड!"

व्हील पान्याने उजवी काच फोडली आणि सईला बाहेर ओढलं. ती छातीपर्यंत निथळत होती. आत पाय ठेवायची जागा कोरडी ठणठणीत. तिच्या फ्रॉकचं पाणी मी जिभेला लावून बघितलं. खारट. आमच्या नळाला विहिरीचं गोड पाणी येतं.

"पाणी खालून आलं, बाबा," सई एवढंच म्हणाली. मेघा तिला उचलून घरात घेऊन गेली.

अण्णा काजूखाली बसले आणि वसंताबद्दल बोलायला लागले. वसंत म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. माझ्या जन्माआधी खाडीत गेला, एवढंच मला सांगितलेलं. बर्फ उतरवताना पिकअप धक्क्याच्या उतारावरून मागे घसरला आणि वसंतकाका आत, डाव्या सीटवर होता. खटका आधीच तुटलेला, म्हणून त्यानेच निळी दोरी बांधलेली. त्या दिवशी ती त्याच्या हाताला लागली नाही.

"गाडी वर काढल्यार ता लॉक मी ह्या हातान काढून खाडयेत टाकलंय," अण्णा म्हणाले.

"मगे माका सांगलंस कित्याक नाय?"

"एकदा तरी वसंताक बाजूक घेवन त्येच्या वांगडा फेरी मारूची होती रे..." मग थांबून म्हणाले, "मी काय मागलंय, आठवता तुका? होती तशी."

तिथल्या तिथे त्यांनी दुसरा नारळ मागवला. "बा देवा, म्हाताऱ्याच्या तोंडातसून चुकीचा इला. होती तशी नको. आसा तशी रवांदे. माझ्या नातीक राख, वसंताक सोड. रे म्हाराजा!"

होकार मी द्यायचा होता. मी आधी हात जोडले. आवारात आम्ही दोघंच. आणि मागून, पिकअपच्या फुटक्या काचेतून, एक तरुण आवाज अगदी सावकाश म्हणाला, "व्हय म्हाराजा."

अण्णांनी मागे वळून पाहिलं नाही. दगडावर डोकं टेकून ते रडत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी डावं दार काढून टाकलं आणि लॉक खाडीत फेकलं. दमट हवा, घाम, सईची पाण्याची बाटली, सगळं लावून बघितलं. खाऱ्या पाण्याचा आणि त्या दोरीचा हिशोब लागत नाही. एक शिक्षक म्हणून हे लिहायला लाज वाटते. सईला मी आवारात एकटी सोडत नाही.

सीट आता कोरडी असते. अण्णा रोज संध्याकाळी स्टिअरिंगवर जाऊन बसतात. परवा त्यांनी आपल्या हाताने इंजिन चालू केलं आणि म्हणाले, "चल, एक फेरी मारूया."

मला बोलावलं असं समजून मी पुढे झालो. अण्णा डावीकडे बघून हसत होते.