मागचं दार

वकिलाकडे जायचं ते गावाला कळू न देता, अशी नेब्रास्कातल्या होलब गावाची रीत. लोक गाडी धान्याच्या कोठाराआड लावत आणि गल्लीतल्या मागच्या दाराने एमिल हॉरकीकडे शिरत. पुढचं दार पाटीसकट नुसतं शोभेला.

सव्विसाव्या वर्षी वकिलीची पदवी घेऊन एमिल गावी परतला, तेव्हा आई म्हणाली होती, "गावात एकच वकील म्हणजे चार माणसांत मान." मान मिळाला, माणसं गेली. खरेदीखतं, मृत्युपत्रं, दत्तकपत्रं, दारू पिऊन गाडी ठोकणारे, कुंपणावरून भांडणारे, सगळं एकट्याने. ना भागीदार, ना कारकून. पण ज्याला घराघरातलं ठाऊक, तो कॅफेत टेबलाशी आला की गप्पा मुकाट मक्याच्या भावावर येत. हे त्याला कळायचं आणि लागायचंही. लग्नाचं तर राहूनच गेलं.

एक ड्वेन स्टारा तेवढा त्याला 'एम्या' म्हणायचा. शाळेपासूनचा मित्र. रविवारी दोघं मासे धरायला जात. एका मार्चमध्ये ड्वेनची बायको लावोन आली, तीही निळी पिकअप थेट पुढच्या दाराशी लावून. तासभर रडली, घटस्फोटाचं विचारलं, निघून गेली. त्यासाठी पुन्हा कधी आली नाही.

संध्याकाळच्या आत ड्वेन हजर. "लावोन कशाला आली होती?"

"ते मला सांगता येत नाही."

"अरे, बायको आहे माझी!"

"मग तिलाच विचार."

"विचारलं. म्हणते, सहज. अख्ख्या गावाने गाडी बघितलीय, एम्या. मी काय समजायचं?"

ड्वेन गेला तो गेलाच, आणि रविवारही त्याच्याबरोबर गेले.

या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. लावोन ड्वेनच्याच घरात म्हातारी झाली आणि गेल्या हिवाळ्यात वारली. या वसंतात एमिलने ऑफिस बंद करायचं ठरवलं. जागा घ्यायला कोणी तरुण वकील येईना. तिजोरीतली मृत्युपत्रं ज्याची त्याने घेऊन जावीत, म्हणून त्याने पत्रं धाडली. गाव येऊन गेलं, अर्थात मागच्या दाराने. ड्वेनच्या मृत्युपत्राचं पाकीट तेवढं राहिलं. एमिल रोज दोन कप मांडून त्याची वाट बघत बसे.

शेवटच्या शुक्रवारी ड्वेन आला, पुढच्या दाराने. बसला नाही.

"आता ती नाही. आता तरी सांग."

सांगून टाकायला एमिलचा जीव तळमळत होता. पण अशील मेलं म्हणून गुपित मरत नाही.

"नाही सांगता येत, ड्वेन."

"दगड आहेस नुसता."

एमिलने पाकीट पुढे केलं. "यात तू गेल्यावर तुझं सगळं निस्तरायला माझं नाव आहे. तेव्हाचं. नवं करून घे, दुसऱ्या कोणाचं घाल."

ड्वेनने पाकीट उघडलंही नाही. "दोनदा गेलो होतो शहरातल्या वकिलाकडे. दोन्ही वेळा त्याने विचारलं, मग यांच्या जागी कोणाचं नाव लिहू? मला सुचलं नाही. राहू दे तुझंच."

एमिलने एक कप त्याच्यापुढे सरकवला. "कॉफी ओतू?"

"नको," ड्वेन म्हणाला, आणि टोपी घालून निघाला.

पिकअप वळेपर्यंत एमिल खिडकीशी उभा राहिला. मग त्याने दोन्ही कोरडे कप कपाटात ठेवून दिले.