निळ्या गाड्यातली नाल

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पलीकडे, एका नालबंदाची भट्टी होती. तांगेवाले, खेड्यावरचे पाटील, आमचे घोडेस्वार शिपाई, सगळे आपली जनावरं नाल ठोकायला त्याच्याकडे आणत. सगळे त्याला चाचा म्हणत, मीही म्हणे. ज्या तपासामुळे मी शिपायाचा हवालदार झालो, तो तपास चाचांनी केला. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण सरकारी कागदात ते कुठेही लिहिलेलं नाही. या लेखात मी कुणाचंच नाव देणार नाही. चाचांचं नाव जिथं यायला हवं होतं तिथं मी ते येऊ दिलं नाही. आता इथं छापून ते भरून यायचं नाही.

इतकी वर्षं झाली, तरी त्या तपासातली घोडी गाड्याच्या फळीवर पाय टाकताना मला आज सकाळी पाहिल्यासारखी दिसते.

मध्यप्रांत आणि वऱ्हाड एकत्र होते तेव्हाची, दुसरं मोठं युद्ध सुरू होण्याच्या थोडी आधीची ही गोष्ट. मी रत्नागिरीकडचा. मराठी पाचवीत शाळा सुटली आणि मामाच्या ओळखीनं वऱ्हाडात पोलिसात लागलो. पहिली दोन वर्षं इथली बोली कानाला भांडणासारखी वाटे. नोकरी कच्ची होती. सर्कल इन्स्पेक्टर साहेबांच्या बुटांचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून उभा राही. पण पाचवी सोडलेल्या पोराला त्यांनी वर्दी दिली होती, आणि त्या उपकाराची मला दिवसातून दहादा आठवण होई. माझं अक्षर बरं होतं, म्हणून ठाण्यात मला मोहरीराच्या हाताखाली बसवलं होतं. मोहरीर म्हणजे ठाण्याचा रोजनामचा लिहिणारा.

हिवरखेडच्या एका शेतकरी घराण्याची तांबूस घोडी संध्याकाळी खुंट्यावरून नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अमरावतीत मोकाट सापडली आणि तिला तिथल्या कोंडवाड्यात टाकलं. तारेनं वर्णन जुळलं. घोडी मिळाली, आता चोर हवा होता. घोडीजवळ शेवटचा होता तिचा मोतद्दार, म्हणजे तिची निगा ठेवणारा गडी. त्याला अकोल्याला आणून कोठडीत घातलं.

सर्कल साहेबांनी विचारलं, "सत्तर मैल घोडी काय उडत गेली?"

"मले काय मालूम सायेब. पाणी पाजलं, खुट्याले बांदली, अन् मी जेवाले गेलो. आलो तं खुटा रिकामा."

दोन दिवस हेच उत्तर. साहेबांची एक रीत होती. ते मारत, आणि ते बाहेर गेले की मी पाण्याचा तांब्या घेऊन आत जायचं. मी त्या माणसाच्या अंगाला कधी हात लावला नाही. मी त्याच्याजवळ उकिडवा बसलो आणि म्हणालो, "कबूल करून टाक. पहिलाच गुन्हा आहे. साहेब समज देऊन सोडतील." असं कुणी सोडणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

त्यानं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "तुमी म्हनता म्हून देतो आंगठा. तुमी पाणी देल्लं. तुमी खोटं नाई बोलसान."

मीच ती जबानी लिहिली. घोडीवर बसून अमरावतीस नेली, विकण्याची हिंमत झाली नाही, म्हणून सोडून दिली. अक्षर फार छान आलं होतं. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून सोमवारी त्याला मॅजिस्ट्रेटपुढं उभा करून तीच त्याच्या तोंडून वदवायची, असं ठरलं. तसं झालं असतं तर तो माणूस तुरुंगात जाणार हे नक्की होतं.

त्याच सुमारास हेडक्वार्टरला एक घोडे वाहायचा गाडा विकत घ्यायचा होता. आज त्याला ट्रेलर म्हणतात. लॉरीच्या मागे जोडायचा, आत दोन घोडे उभे राहतील असा. जत्रांच्या बंदोबस्ताला घोडे चालत नेले की ते निम्मे वाटेतच निकामी होत. अमरावतीत दोन जुने गाडे विकाऊ होते. पारखून रिपोर्ट करायला मला पाठवलं. मी एक वर्ष घोडेस्वारांत काढलं होतं आणि मला लिहिता येत होतं. शिवाय गाडा खराब निघाला असता तर बोल लावायला माझ्यासारखा सोयीचा माणूस दुसरा नव्हता. साहेब म्हणाले, "शनिवारी जा. येताना घोडीही घेऊन ये, मुद्देमाल आहे. गाडा पसंत पडला तर त्यातूनच आण."

मी घाबरून चाचांकडे गेलो. "चाचा, गाडा कसा निवडायचा असतो?"

"माणसानं नाई निवडायचा बेटा, घोड्यानं. आपन फकत बाजूले उभं रायचं." आणि एक दिवस भट्टी बंद ठेवून ते माझ्याबरोबर आले. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

आधी आम्ही कोंडवाड्यात गेलो. घोडी बघताच चाचा हसले. "अरे, हे तं हिवरखेडची! आठ दिसांआंदी मीच नाल ठोकली हिले." मागच्या उजव्या खुराला टाचेशी चीर होती, म्हणून तिथं त्यांनी मागून जोडलेली बंद नाल घातली होती. तोच खूर आता उघडा होता. चाचांनी तो मांडीवर घेतला, अंगठा फिरवला, आणि त्यांचं हसू गेलं.

"सत्तर मैल चालली म्हनता? या खुराचा भुगा झाला असता. अन् बाकीच्या तीन पायांची नाल पाहा, घासलेली दिसते का? हे घोडी चालत आली नाई."

"ते लिहून झालंय, चाचा."

"मंग खोडून टाका."

"खोडता येत नाही."

"घोडीचा खूर तं खोडता येत नाई," ते म्हणाले, आणि उठले.

 गाडा बघून परत जायचं, एवढंच डोक्यात धरलं. आम्ही घोडी बरोबर घेतली.

पहिला गाडा कॅम्पातल्या एका बंगल्याच्या आवारात होता. चाचांनी आत जाऊन टाच आपटली, फळ्यांचा वास घेतला. मुतानं कुजलेली फळी वरून शाबूत दिसते, पण वास लपत नाही. पुढं खिडकी नव्हती. "घोडं अंधारात पाय ठेवत नाई," ते म्हणाले. तसंच झालं. चढायच्या फळीपाशी घोडीनं चारी पाय रोवले. चौघांनी ढकललं तरी हलली नाही.

दुसरा गाडा राजापेठेत, एका ठेकेदाराच्या वखारीत. निळा रंग, मोटारीची रबरी चाकं, सागवानी तळ, पुढं उजेडाला जाळी. मला तो बघताक्षणी आवडला. ठेकेदार नव्हता, त्याचा लॉरीवाला होता. घोडी बघून तो पुढं आला.

"सायेब, हे घोडी आत नोका घेऊ. दुसरं जनावर आना ना."

"काहून?" चाचा म्हणाले.

"रंग नवा हाय. खुरानं खरचटते."

"रंग बाहेरून हाय. घोडी काय छतावर चढून रायली?"

चाचांनी फळी खाली पाडली आणि दोरी सैल सोडली. घोडी एकदा फुरफुरली, आणि कुणी ओढलं नाही, ढकललं नाही, टापटाप आवाज करत आत गेली. आत जाऊन तिनं मान डावीकडे वळवली आणि कोपऱ्यात तोंड घातलं. तिथं चाऱ्याची जाळी अडकवायचा आकडा होता. जाळी नव्हती. ती रिकाम्या आकड्याला ओठ लावून उभी राहिली.

मला आधी कळलंच नाही. मी खूश होऊन रिपोर्टची वही काढली. चाचा माझ्या कानाशी म्हणाले, "बेटा, हे पयल्यांदा नाई चढली यात."

मी लॉरीवाल्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

चाचा आत शिरले. तळावर तरट अंथरलं होतं ते उचललं. दोन घोड्यांमधल्या दांड्याच्या बुडाशी लोखंडी पट्टी होती. तिच्या फटीत काहीतरी वाकडं होऊन अडकलं होतं. चाचा हात लावणार, तोच मी ओरडलो, "थांबा! पंच आणू द्या." त्या दिवशी पोलीस म्हणून मी केलेलं तेवढंच एक काम.

रस्त्यावरचा एक संत्रीवाला आणि एक फूलवाला माळी पंच म्हणून आणले. संत्रीवाला कुरकुरला, "मी कोर्टात बसन, अन् माया टोपल्यावर कोन बसन?" पंचांसमोर पट्टी सैल करून वस्तू काढली. मागून जोडलेली, बंद नाल. चाचांनी ती तळहातावर धरली. "हे माया हातचं काम हाय," ते म्हणाले, आणि खुराला लावून दाखवली. काठाशी काठ, भोकाशी भोक.

लॉरीवाल्यानं कोतवालीत तासाभरात सगळं सांगितलं. त्याला हात लावावा लागला नाही. हिवरखेडच्या वेशीबाहेर लॉरी आणि तिच्यामागे हा गाडा उभा होता; मोतद्दार जेवायला गेला तशी घोडी त्यात चढवली. अमरावतीत उतरवताना घोडी बिथरून सुटली.

रविवारी मी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोला गाठलं. सोमवारची पेशी टळली. कोठडीचं कुलूप मीच काढलं. मोतद्दार बाहेर आला. मला वाटलं होतं, शिव्या देईल. तो म्हणाला, "सायेबाचा राग नाई मले. त्याईनं मारलं, ते त्याईचं कामच हाय. तुमी पाणी काहून देल्लं?" आणि तो गेला. मालकानं परत बोलावलं तरी तो घोड्याजवळ उभा राहिला नाही, असं नंतर ऐकलं.

साहेब आधी चिडले. मग त्यांच्या लक्षात आलं की प्रकरण चांगलं आहे. त्यांनी मला समोर बसवून मजकूर सांगितला : "खात्रीलायक खबऱ्याकडून मिळालेल्या गुप्त बातमीवरून आम्ही सदर गाड्याची झडती घेवविली."

मी टाक थांबवला. "साहेब, चाचांचं नाव..."

"खबऱ्याचं नाव लिहितात का रे? पाचवी कुठला!"

मी लिहिलं. पुढं कोर्टात नाल ओळखायला चाचांना साक्षीला बोलावलंच. आरोपीच्या वकिलानं तो कागद वाचला आणि विचारलं, "म्हणजे पोलिसांचे ते खात्रीलायक खबरी आपणच?" चाचा म्हणाले, "मी नालबंद हाओ." मागे बाकांवर जुन्या शहरातले तांगेवाले बसले होते. ते हसले. मी साहेबांच्या मागे उभा होतो. 

लॉरीवाल्याला शिक्षा झाली. ठेकेदारानं सांगितलं, गाडा मी भाड्यानं दिला होता, आणि तो घरी गेला. गाडा कोर्टानं मोकळा केला. मग आमच्याच खात्यानं तो विकत घेतला, कारण दोघांत तोच उत्तम होता. माझा रिपोर्ट तसाच होता. मला हवालदाराची फीत मिळाली आणि पुढं कित्येक बंदोबस्तांना मी त्या निळ्या गाड्याबरोबर गेलो.

चाचांकडे तांगे थांबायचे बंद झाले. तांगेवाल्यांना भाडी, ओझी, परवाने, शंभर भानगडी असतात. खबऱ्याच्या दारात घोडा कोण उभा करील? पोलिसांच्या घोड्यांचं कामही साहेबांनी दुसऱ्याला दिलं. साक्षीत नाव आलेला माणूस पोलीस लाइनीत नको, म्हणाले.

एक दिवस चाचा ठाण्यात आले. आता ते मला बेटा म्हणाले नाहीत. "हवालदार सायेब, मले एक कागद द्या. मी खबऱ्या नाई, मी फकत माई नाल वळखली, एवढंच लिवा. खाली तुमची सही. तांगा स्टँडवर वाचून दाखवतो."

दोन ओळींचं काम होतं. समोर टाक होता, दौत होती. मी आत साहेबांच्या खोलीकडे पाहिलं आणि म्हणालो, "बघतो, चाचा."

चाचांनी टाकाकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. पुन्हा कधी आले नाहीत. पुढं खेडोपाडी फिरून बैलांना पत्र्या ठोकत, असं कानावर आलं. माझी बदली झाली.

नोकरीत मी पुष्कळ गुन्हेगार पाहिले. माणूस भीतीनं खोटं बोलतो, हे सगळ्या पोलिसांना ठाऊक असतं. उपकाराच्या ओझ्याखालीही बोलतो, हे मला त्या तपासानं शिकवलं. मोतद्दारानं माझ्या एका तांब्याभर पाण्यासाठी खोटा अंगठा दिला, आणि मी वर्दीसाठी खोटा कागद लिहिला. फरक एवढाच की तो कोठडीत होता आणि मी मोकळा होतो.

आज हे लिहितोय, कारण पेन्शन आता कुणी काढून घेणार नाही. याला धीर म्हणायचा तर म्हणा.

गेल्या महिन्यात एक जुना सहकारी अकोल्याहून आला होता. म्हणाला, चाचा आहेत अजून. डोळे गेलेत. दारावरून तांगा गेला की कुठली नाल ढिली आहे ते आवाजावरून सांगतात. तांगा थांबत नाही.

तो कागद मी परवा लिहिला. पूर्ण नावानिशी, खाली सही. दोनच ओळी आहेत. चाचांना तो दिसणार नाही, तेव्हा वाचून दाखवावा लागेल, आणि घरात बसून नाही. दिवाळी झाली की मी अकोल्याला जाणार आहे. त्यांचा हात धरून त्यांना तांगा स्टँडवर नेईन आणि सगळे तांगे उभे असताना मोठ्यानं वाचीन. चाचा, तेवढं थांबा. हे देणं मी फेडणार आहे.